खिशातला भुंगा

लेख पास झाला की धाकट्याला दर रविवारचं सदर मिळणार होतं. वर फोटो. शिवाय नातेवाइकांत गेलेली पत थोडी परत. बाबा गेले त्या संध्याकाळी तो एका बेटावर फिरत होता, आणि फोन लागला तरी उचलला नव्हता. "फोन खोलीवर राहिला," असं तो म्हणाला होता. विश्वास ठेवला तो एकट्या ताईनं.

रविवार पुरवणीच्या संपादक बाईंनी त्याच सफरीवरचा लेख टेबलावर आपटला.

"समुद्र निळा, वाळू मऊ. हे घरी बसूनही लिहिता येतं. नाक-कान बरोबर नेले होते की नाही? आणि थापा नकोत. खोटा वास मला लगेच येतो."

धाकटा चरफडत घरी आला आणि खरंखुरं आठवायला बसला. धक्क्यावरच्या ओल्या दोरांचा कुबट वास. लाँचच्या डिझेलचा धूर. ओठांवरचं मीठ. मग हात आपोआप चालला: "सूर्य पाण्याला टेकला. शर्टाच्या खिशात फोन थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा, छातीशी भुंगा अडकल्यासारखा. मी तो वाजू दिला."

खोडायला पेन उचललंही होतं त्यानं. पण ओळ झकास होती. आणि ताई पुरवणीतलं फक्त शब्दकोडं सोडवते, लेखांच्या वाटेला जात नाही, हा हिशेब पक्का होता.

"ह्या भुंग्यानं तारलं तुम्हाला," बाई खूश होऊन म्हणाल्या.

रविवारी ताईनंच बोलावून घेतलं. कौतुक असणार, म्हणून तो नवा शर्ट घालून गेला. ती "बस" म्हणाली नाही. पुढ्यात पुरवणी होती. कोडं अर्धवट, आणि त्याला चिकटूनच त्याचा लेख.

"ताई, अगं, लिहिताना थोडं रंगवावं लागतं."

"रंगव की! तुझ्यासाठी मी काका-आत्यांशी भांडले. आणि तुला काय वाटलं, इतक्यांदा रिंग मी देत होते? फोन बाबांच्या हातात होता, गाढवा. कानावरून काढू देईनात. म्हणत होते, उचलेल गं, खिशातून काढायला वेळ लागतो त्याला."

तिनं दाराकडे बोट केलं.

सदर त्याला मिळालं. किंमत बाबा आगाऊ भरून गेले होते.