साकवाचं उद्घाटन

"कापा, हवालदार, कापा," साहेब म्हणाले. त्यांना जव्हारला आणखी दोन उद्घाटनं होती.

संदीपने तबकातली कात्री उचलली, पण फितीला लावली नाही. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन गेल्या साली सीमेवर राहिली. वरून तोफा चालू असताना त्याने पोटावर सरपटत, जमीन टोचत टोचत, सुरुंगांतून वाट काढली होती आणि त्या वाटेने मागचे चाळीस जवान सुखरूप गेले होते. म्हणून आज त्याचा सत्कार. त्याच मांडवात हेमंतशेठ ठेकेदाराच्या नव्या साकवाचं उद्घाटनही उरकून घ्यायचं होतं. सगळा पाडा त्यासाठी डोंगराला वळसा घालून अलीकडे आला होता.

संदीपने अंगठ्याचं नख साकवाच्या कठड्यावर ओढलं. तळहातावर भसाभस वाळू पडली. खाली ओहोळ दुथडी भरून वाहत होता. दोन-चार दिवसांत याच साकवावरून गाडीत घालून त्याच्या बहिणीला, रंजनाला, दवाखान्यात न्यायचं होतं. तिचे दिवस भरत आले होते.

"आये, तू होतीस ना इथं कामाला?"

गौराबाई गर्दीतून पुढे आली. "व्हते ना. पाट्या वाहल्या मी. सिमेटच्या गोणी यायच्या, अर्ध्या उतरायच्या, अर्ध्या तशाच परत. बोललीस तर उद्यापून काम नाय, असं सांगत."

"म्हातारीला खाली बसवा रे," हेमंतशेठ हसला. "तपासणी झालीय. शिक्का आहे."

त्या हसण्याने संदीपच्या डोक्यात तिडीक गेली. बोटं गेली त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं.

"शेठ, आमच्यात एक रीत आहे," तो म्हणाला. "सुरुंग ज्याने काढले, तो त्या वाटेवरून आधी चालतो. मग बाकीचे. मी चाललो होतो. साकव तुम्ही बांधलाय. ही तुमची गाडी. चालवा आणि पलीकडे न्या. मी शेजारी बसतो."

आणि तो खरंच जाऊन गाडीत बसला.

हेमंतशेठ मघापासून बोटावर किल्ली फिरवत होता, ती त्याने खिशात टाकली.

"गाडी नवी आहे," तो पुटपुटला.

"माझी पोरपन पयलटकरीण हाय, शेठ," गौराबाई म्हणाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "हवालदार, उगाच तमाशा नको. फीत कापा आणि मोकळे व्हा."

संदीप उतरला. कात्री त्याने तबकात परत ठेवली.

"मंग रंजीला कुठून न्यायची रं?" गौराबाईने विचारलं.

"डोंगरावरून, झोळीत. इतकी वर्षं नेतोच आहोत."

फितीचं एक टोक सैल झालं होतं. संदीपने ते दातात धरलं, तीन बोटांनी करकचून आवळलं आणि वर आणखी एक गाठ मारली.

"सुरुंग असले की आम्ही फीत बांधतो, साहेब. कापत नाही."