फाटकापुढचं गाऱ्हाणं

तिकीट खिडकीवरचा नवा दर वाचला आणि यशवंतने खिशात घातलेला हात खिशातच ठेवला. जुन्या दरावर ताजा कागद चिकटवला होता आणि त्यावरचा आकडा थेट दीडपट होता.

पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या पेडण्याच्या या पार्कात यायचं म्हणून तो मालती आणि प्रियाला मोटारसायकलवर बसवून डिचोलीहून आला होता. बायकोला आणि मुलीला दिवाळीत नेतो म्हणाला, मग शिगम्याला नेतो म्हणाला, आणि आता मे संपत आला होता. मधल्या काळात मालतीचा भाऊ विशाल आपल्या पोरांना दोनदा इथे फिरवून गेला, वरून पाळण्यात बसल्याचे फोटोही धाडले. मेव्हण्यापुढे मान खाली घालावी लागणं यासारखं जिव्हारी लागणारं दुसरं काही नसतं. आज परत फिरला असता, तर ती मान पुन्हा वर झाली नसती.

"परत जावया," मालती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती सवयीने म्हणाली.

एकटा यशवंतच अडला नव्हता. वाळपईहून बस करून आलेली मंडळी खिडकीपाशी हिशेब मांडून पुन्हा सावली शोधत होती. हरमलहून स्कूटरवर आलेली पोरं फाटकासमोर फोटो काढून निघायच्या बेतात होती. आतून पाण्यात पडणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, पण त्या मोजक्याच होत्या.

तेवढ्यात निळ्या साडीतली एक बाई खिडकीपाशी कडाडली. शालिनी तिचं नाव, तिनेच ते मोठ्याने सांगितलं, आणि आपण कुणाच्या बापाला भीत नाही हेही सांगितलं. पाणी विकत, सावली विकत, घरची भाकरी आत न्यायची नाही, आणि वर रातोरात दर वाढवता, असं ती बोलत सुटली. माणसं जमली. सगळ्यांच्या मनातलंच ती बोलत होती. पण बोलून बोलून तिचा घसा बसला, खिडकीतला मुलगा ढिम्म हलला नाही, आणि गर्दी पुन्हा पांगायला लागली.

यशवंतच्या आत काय झालं ते त्यालाही कळलं नाही. सिंधुदुर्गातल्या त्याच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या चुलत भावाकडे. देवापुढे हात जोडून भाऊ बोलणार आणि यशवंत जन्मभर मागच्या रांगेतून 'व्हय म्हाराजा' म्हणणार. शब्द मात्र सगळे पाठ. तो फाटकासमोर गेला, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां उन्हातान्हात ह्या दारात उभी आसत रे म्हाराजा..."

मग वाळपईच्या बसमधला एक म्हातारा सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

"ह्या पार्कवाल्यांका जी काय दुर्बुद्धी झाली आसात, ती दूर कर रे म्हाराजा..."

आता निम्मी गर्दी म्हणाली.

"पोराबाळांका पाळण्यात बसव, पोटभर पाणी पाज, आणि घरची भाकरी घरच्यासारखी खावक दी रे म्हाराजा..."

या वेळी 'व्हय म्हाराजा' असा काही उठला, की आतल्या पाळण्यावरची माणसं वाकून बघायला लागली. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. हरमलची पोरं तर स्कूटर लावून परत आली आणि त्यांनाच सगळ्यांत जोर चढला.

पार्कचा मॅनेजर परेश घाम पुसत बाहेर आला. आधी त्याने नियम सांगितले, मग हात जोडले, मग आत फोन लावला. आणि मग त्याने हार मानली. तो ताजा कागद उतरला, पाणी फुकट झालं, घरची भाकरी आत न्यायला परवानगी मिळाली. जुना दरही गेल्या वर्षीपेक्षा चढाच आहे असं कुणीतरी पुटपुटलं, पण जिंकलेल्या माणसांना असलं काही ऐकू येत नाही. गर्दी आत घुसली. नुसतं भांडण बघायला थांबलेल्यांनीही तिकीट काढलं. वाळपईच्या म्हाताऱ्याने यशवंतला मिठी मारली. मालतीने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच यशवंतला आपण उंच आहोत असं वाटलं.

रांगा लांबच लांब होत्या. एका पाळण्यासाठी तासभर उभं राहावं लागलं, पण कुणाची तक्रार नव्हती. रांगेतली माणसं यशवंतला मात्र ओळखून पुढे सोडत होती. प्रिया चारदा पाण्यात पडली आणि प्रत्येक वेळी वर येऊन आधी आपला बाप कुठे आहे ते बघत होती.

ऊन उतरल्यावर त्याला शालिनीची आठवण झाली. ठिणगी तिची होती, दोन शब्द आभाराचे बोलायला हवेत. शोधत शोधत तो ऑफिसच्या मागे गेला. ती परेशबरोबर चहा पीत बसली होती.

"मागच्या रविवारीही असाच कागद लावला होता, पण तुझ्या एकटीच्या भांडणावर निम्मीही माणसं आत आली नव्हती," परेश म्हणत होता. "हा गाऱ्हाणेवाला कुठून पैदा केलास? दशावतारातला काय?"

"तो आमचो न्हय, परेशबाब," शालिनी म्हणाली. "तो खरोच उठलो."

यशवंतचा चेहरा उतरला. मूठ वळली. दोन पावलं तो पुढेही गेला. तेवढ्यात मागून, पाणपोईपाशी मोबाईलवर बोलणाऱ्या मालतीचा आवाज आला. ती विशालला सांगत होती की आमच्या ह्येंनी आज अख्खो पार्क नमवल्यानी, तुका दोनदा येवन जमाक नाय ता. इतक्या मोठ्याने ती माहेरच्यांशी कधीच बोलली नव्हती.

यशवंत थांबला. मूठ सुटली. शर्ट नीट करत तो त्या दोघांसमोर जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला,

"पुढच्या रविवारी किती वाजता येव? फक्त माझ्या बायलेक कळाक नको."