मिश्रीचे दात

बिद्रीचे पाहुणे पुढच्या महिन्यात क्रांतीला बघायला येणार होते. शाहूपुरीत नोकरी करणाऱ्या या लेकीनं आईला, मालनला, आधीच बजावलं, "मिश्री लावून दात काळं केलंयस. पांढरं कर, न्हाईतर पावण्यांसमोर येऊ नको."

मालन खचली नाही. अंबाबाईला नवस बोलून तिनं मिश्री सोडली आणि रोज देवपूजेआधी लिंबू नि खायचा सोडा घेऊन दात घासायला लागली. हिरड्या झोंबायच्या, पण पाहुणे आले त्या दिवशी ती ताठ मानेनं पुढं आली आणि मनमोकळं हसली.

मुलाची आई मात्र हसेना. बोलायची वेळ आली की पदर तोंडाशी धरायची. स्थळ हातचं जातंय की काय, असं वाटून मालननं तिला चहाच्या निमित्तानं आत नेलं.

"पोरगी मनाला येईना व्हय, वैनी?"

"पोरगी लाखात एक हाय की." तिनं पदर खाली घेतला. महिन्यापूर्वीचे मालनचेच दात. "ल्योक म्हणाला, तिथं दात दावू नको."

"माझी लेक बी तेच म्हणाली." मालन खुदकन हसली. "जमतंय की मग दोघांचं."