बाळाबाईचं नाक

"मालक, ती नका देऊ कुणाला. आंबलीय की ती," बाळाबाई म्हणाली.

कमलाकरराव प्रधानांच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला. नुकताच त्यांनी त्या वाइनचा वास घेऊन, डोळे मिटून 'वा!' म्हटलं होतं. सकाळची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर कॅम्पाच्या रस्त्यावरून एक टांगा खडखडत गेला.

बाळाबाईनं जीभ चावली. सोळा वर्षं ती या विलायती दारूच्या दुकानात बाटल्या धूत होती, पेले पुसत होती. मालकाच्या मालाला नाव ठेवायची ही पहिलीच वेळ. तिचा नवरा हातभट्टीपायी गेला होता, म्हणून ती थेंबभरही तोंडाला लावत नसे. पण नाक काही मिटून ठेवता येत नाही.

"कशावरून म्हणतेस?"

"वासावरनं. शिळ्या ताकात फडकं भिजत पडल्यागत येतोय. तुमाला न्हाय आला?"

कमलाकरराव खुर्चीत बसले. पेला त्यांनी मेजावर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाले, "नाही. दोन वर्षं झाली. त्या तापातून उठलो तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही."

बाळाबाई बघतच राहिली. या माणसाच्या नाकावर तर दुकान उभं होतं. तरुणपणी मुंबईच्या एका कंपनीत त्यांनी वाइन पारखायची विद्या घेतली होती. दर डिसेंबरात मुंबईहून नमुन्याच्या बाटल्या यायच्या. मालक वास घ्यायचे, घोट घ्यायचे आणि भारी लेबलं बाजूला सारून कुठल्याशा अनोळखी गावची, निम्म्या किमतीची वाइन निवडायचे. गिरणीचे साहेब ती प्यायचे आणि रेल्वेचे गार्डही. सगळे खूश. या दोन वर्षांत मात्र खोकीच्या खोकी परत येऊ लागली होती. का ते तिला आज कळलं.

"मुंबईला पत्र लिहून ठेवलंय," कमलाकरराव म्हणाले. "दुकान बंद करतोय. म्हटलं, जाता जाता एकदा या बाटल्या उघडून बघू. एखादीचा तरी येईल."

बाळाबाईच्या मनात आधी स्वतःचंच आलं. या वयात दुसरं काम कोण देणार? पण त्याहून तिला वाईट वाटलं ते त्या 'वा!'चं. दोन वर्षं हा माणूस रिकाम्या पेल्यातून वास घेतल्यागत करत होता, आणि शेजारी उभं राहून तिला पत्ता नव्हता.

तिनं पदराला हात पुसले. उरलेले पाच पेले पुढे ओढले.

"मी सांगते की. तुमी फकस्त कुठली काय त्ये वळखा."

पहिल्या पेल्याशी तिनं नाक नेलं. "हिला जांभळाचा येतोय. आन् मागनं नव्या चपलेचा. चांभाराकडनं आणल्या आणल्या येतो बगा, तसा."

"चपलेचा?" कमलाकरराव एकदम पुढे झुकले. "अगं, ही स्पेनची! अशीच हवी ती." त्यांनी घोट घेतला आणि जिभेवर घोळवला.

"ही पांढरी, कैरीच्या सालीगत. आन् कोऱ्या माठातलं पाणी."

"जर्मनी. मोझेल नदीच्या काठची. पुढे?"

"ह्यात डाळिंब. साल बी हाय थोडी, पर वंगाळ न्हाय."

"पोर्तुगाल. स्वस्त आहे ही, फार स्वस्त!"

इटलीच्या सिसिली बेटावरची काकवी आणि भाजल्या शेंगदाण्यांच्या वासाची निघाली. शेवटची, मोठ्या सोनेरी लेबलाची फ्रेंच. बाळाबाईनं तिचा दोनदा वास घेतला आणि म्हणाली, "हिला कायच न्हाय, मालक. नुसती नटलीय." कमलाकरराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला. स्पेनच्या घोटासाठी ते पुन्हा वळले. जांभूळ आणि नवी चप्पल, असं पुटपुटत त्यांनी तो सावकाश संपवला.

मग टाक घेऊन त्यांनी मागणी लिहिली. सकाळची ती आंबलेली आणि ही नटलेली, दोन्ही फ्रेंच खोडल्या. स्पेन आणि पोर्तुगालच्या पुढे आकडा वाढवला.

लिहून झाल्यावर ते उठून आतल्या खोलीत गेले आणि पत्र्याची एक पेटी घेऊन आले. तिच्यातून त्यांनी लोकरीची शाल काढली. मालतीबाईंची, त्यांच्या पत्नीची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"हिचा वास सांग," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "ताप येण्याआधी रोज घेत होतो."

बाळाबाईनं शाल दोन्ही हातांत घेऊन तोंडाशी धरली. मालतीबाई वाळ्याचं अत्तर लावायच्या, हे तिला पक्कं आठवत होतं. तिनं घडी उलगडली, काठ हुंगला, मधला भाग हुंगला. डांबराच्या गोळ्या आणि गंजका पत्रा, एवढंच. 'वाळा' म्हणायला काय लागत होतं? मालकांनी विश्वास ठेवला असता.

"खरं सांग," कमलाकरराव म्हणाले. "दारूचं सांगितलंस तसं."

तिला ते अवघड गेलं. "डांबराच्या गोळ्यांचा येतोय, मालक. बाईंचा गेला. आता त्यो कुणालाच यायचा न्हाय."

कमलाकररावांनी डोळे मिटले. आपण नको ते बोललो, असं वाटून बाळाबाई शालीची घडी घालू लागली. पण त्यांनी ती तिच्या हातातून घेतली, उलगडली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. डोळ्यांत पाणी होतं, तरी चेहरा मोकळा दिसत होता.

"दोन वर्षं मला वाटत होतं," ते म्हणाले, "ती इथंच आहे, आणि मलाच तेवढी भेटत नाही."