पाठीशी

समोरच्या खोलीची काच फुटली तेव्हा डॉक्टर रविंद्र भिंतीला टेकून उभ्या उभ्याच पेंगत होता.

जयवंता दुपारी गेली होती. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबलाच नाही. ऑपरेशन करून दवाखान्याचे मालक डॉक्टर कृष्णकांत घरी जेवायला गेले, मागचं सगळं रविंद्रवर. रक्त कुठे मिळेना. गट जुळला म्हणून शेवटी त्यानं स्वतःचंच बाटलीभर दिलं. बाळ वाचलं, बाई गेली.

आता धंतोलीतल्या त्या दवाखान्यासमोर मे महिन्याच्या उन्हात तिच्या गावची माणसं काठ्या घेऊन जमली होती. गेल्या उन्हाळ्यात अशाच घोळक्यानं रविंद्रचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून रुग्णाचा कुणी नातेवाईक जवळ आला की तो दोन पावलं मागे सरायचा. झोप उडाली होती, घास गिळवत नव्हता. नोकरी सोडून कळमेश्वरला घरी जायचं त्यानं ठरवलंही होतं. पण कृष्णकांतांनी खांद्यावर हात ठेवला होता. "मी आहे ना तुझ्या पाठीशी." तेवढ्या शब्दावर त्यानं वर्ष ओढलं होतं.

कृष्णकांत घाम पुसत बाहेरून आत आले.

"बोललो मी त्यांच्याशी. तू मागच्या फाटकानं निघ."

"सर, मीच सांगतो ना त्यांना. आपण काही कमी केलं नाही..."

"ऐकून घेतील का ते? माझ्यावर विश्वास आहे ना? मग जा. इथलं मी बघतो."

रविंद्रला भरून आलं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि निघाला.

मागच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फक्त फाटकाशी एक जण उभा होता. जयवंताचा नवरा, नत्थू.

रविंद्र जागीच थांबला. पळावंसंही वाटलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले.

"डाक्टरसाहेब, चला लवकर." रडून रडून नत्थूचा आवाज बसला होता. कोपऱ्यावर त्यानं सायकलरिक्षा थांबवून ठेवली होती. "तुमी तिले आपलं रक्त देल्लं, म्या पायलं. पन माहं कोनी ऐकून नाही राहिलं. सारे इकडेच येऊन राहिले."

"इकडे? मी इथून निघणार हे त्यांना कसं कळलं?"

नत्थूनं त्याला दंडाला धरून रिक्षात बसवलं.

"तुमच्या मोठ्या साहेबानंच सांगतलं ना जी."