बाबांची जीभ

घरी केलेली माल्ट एक्स्ट्रॅक्टची सहावी बिअर शाल्मलीने ग्लासात ओतली आणि त्यात बाबांची जीभ बुडवली. बाबा घरी बिअर करायचे, पण कडूपणासाठी हॉप्स किती घालायचे, हे त्यांनी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. गेलेल्या माणसाची चवीची जाण जपणारं ते यंत्र त्यांच्याच आवाजात म्हणालं, "नुसतं पाणी. हॉप्स काय फोडणीसाठी ठेवलेस, शालू?"

तिने घोट घेतला. बिअर कडूजहर झाली होती.

तिने यंत्राच्या कंपनीला फोन लावला.

"जिभेची नोंद कधी घेतली होतीत, ताई?" तिथल्या माणसाने विचारलं.

"मार्चमध्ये. केमो चालू..." ती थांबली.

"त्याआधीची एखादी?"

"नाही."

मार्चमध्ये बाबांना ठेचासुद्धा मातीसारखा लागायचा. तरी तिने केलेलं सगळं ते "फक्कड" म्हणत संपवायचे. यंत्राला तेवढं जमत नव्हतं.