बुधाजींची झील

“काकाजी, बाबाचं अन् तुमचं कदी भांडण होये काय?”

“होये काय,” बुधाजी म्हणाले.

शालूने पेन्सिल खाली ठेवली. सकाळच्या पॅसेंजरने ती अकोल्याहून चांदूर रेल्वेला आली होती, आणि आल्यापासून तिचेच प्रश्न शेपटाकडून तिला परत मिळत होते.

“त्यायले काय इचारतं व,” बुधाजींची बायको मैनाबाई म्हणाली. ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. “पाहाले आले तवा माह्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाये का? तं हे म्हणे, पसंत हाये का. आमाले वाटलं, मानूस लाजाळू हाये.”

“लाजाळू हाये,” बुधाजी म्हणाले.

बुधाजी झीलकरी होते. डोमाजींचा आंबेडकरी जलसा त्या भागातला पहिला. एक पेटी, एक ढोलकी आणि दोन गळे, एवढं बैलगाडीत घालून ते गावोगाव हिंडले. डोमाजींनी ओळ टाकायची, बुधाजींनी तिचं शेपूट उचलून आभाळाला लावायचं. डोमाजी वारले तेव्हा गाणं थांबलं. सवय राहिली.

झीलकऱ्याचा कायदा एकच. शब्द बदलायचा नाही. पुढचा चुकला तर चुकीचाच धरायचा. एकदा परतवाड्याच्या कार्यक्रमात डोमाजी थकलेले होते. ‘आमचा जयभीम घ्या परतवाडेकर’ म्हणायच्या जागी ते ‘चांदूरकर’ म्हणाले. बुधाजींनी ‘चांदूरकर’ अशी काही उचलली की पेठेपर्यंत ऐकू गेली. सगळा परतवाडा हसला. नंतर डोमाजींनी विचारलं, “बुध्या, तुले समजलं होतं ना?” बुधाजी म्हणाले, “समजलं होतं ना.” हे मैनाबाईने सांगितलं. बुधाजींनी आताही फक्त ‘होतं ना’ म्हटलं.

शालू डोमाजींची एकुलती एक लेक. अकोल्याला मास्तरीण होती. अमरावतीचं एक साप्ताहिक जुन्या जलसेवाल्यांच्या आठवणींचा अंक काढणार होतं आणि संपादकांनी डोमाजींवर तिच्याकडून लेख मागितला होता. जलशातली बाकीची माणसं केव्हाच गेली होती. उरले होते बुधाजी.

खरं तर अंक हे निमित्त होतं. शालूला बापाची आठवण म्हणून फक्त एक पाठ आठवत होती. झोपलेली. डोमाजी घरी आले की पेटी कोनाड्यात ठेवत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. दिवस असो, पाहुणे असोत, शेजारी ढोल वाजो. आई, पंचफुला, दार ओढून घेई आणि म्हणे, “चूप राय. बाप झोपला.” मग एक दिवस ते उठत, चहा पीत आणि बैल जुंपत. शालूचं बापाशी कधी भांडणही झालं नाही. जागा माणूस लागतो त्याला.

“काकाजी,” तिने जाता जाता विचारलं, “गावोगाव फिरतानी बाबा घरची आठवण काढे काय?”

“काढे काय,” बुधाजी म्हणाले.

हे तिने लिहून घेतलं नाही.

संपादक म्हणाले, “आठवणी मिळत नसतील तर कथा लिहा, बाई. कथेला साक्षीदार लागत नाही.” शालूने कथा लिहिली. बापाला तिने मनाजोगता बाप केला. आणि दिवाळीच्या सुट्टीत ती वाचून दाखवायला पुन्हा चांदूरला आली. छापायच्या आधी निदान एका माणसाने तरी नाही म्हणावं, एवढीच इच्छा होती.

बुधाजी खाटेवर बसले. डावा हात कानावर ठेवला. शालू वाचू लागली. नदीला पूर आला आणि डोमाजींनी पेटी डोक्यावर घेतली.

“डोक्यावर घेतली,” बुधाजी म्हणाले.

पाटलाने गावात येऊ दिलं नाही, म्हणून डोमाजी वेशीबाहेर गायले आणि सगळं गाव वेशीबाहेर आलं.

“वेशीबाहेर आलं.”

शालूने डोमाजींना एका ठिकाणी पांढऱ्या घोड्यावरही बसवलं होतं. बसवताना तिलाच लाज वाटली होती, पण घोडा कथेत शोभत होता.

“पांढऱ्या घोड्यावर,” बुधाजी म्हणाले.

मैनाबाईचं सूप थांबलं. “कोनता घोडा व? बैलाले कडबा नोहता अन् घोडा घेतला होता?”

“घेतला होता,” बुधाजी म्हणाले.

शालूला कळलं, हा माणूस काहीही उचलेल. तिने बापाला विमानात बसवलं असतं तरी यांनी वर नेलं असतं. आता शेवटचा परिच्छेद उरला होता. तो तिने अंकासाठी लिहिलेला नव्हता. मान वर न करता, भरभर, नको असलेलं औषध घ्यावं तसा तिने तो वाचून टाकला.

“मुक्काम कुठलाही असो, अंथरुणावर पडलं की डोमाजी लेकीचं नाव घेत. ‘शालू’ म्हणत, आणि मग निवांत झोपत.”

ती थांबली. झील आली नाही.

तिने मान वर केली. बुधाजींचा हात कानावरून खाली आला होता. ते भिंतीतल्या कोनाड्याकडे पाहत होते. तिथे काही नव्हतं. मैनाबाईने सूप हळूच मांडीवर ठेवलं.

“नाव घेये,” बुधाजी म्हणाले. “मंग झोपे नाही.”